दिवसाढवळ्या अग्निगोल दिसला तर त्याची साक्ष कशी नोंदवावी

शुक्रापेक्षा अधिक तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. रात्री तेवढे तेज पुरते. पण खानदेशातल्या एप्रिल-मेच्या पांढऱ्याफटक उन्हात सहज नजरेत भरायचे असेल, तर उल्केला पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास जाणारे किंवा त्याहून अधिक तेज लागते. असा योग आयुष्यात एखाद्या वेळीच येतो आणि त्याची वाट पाहत बसता येत नाही. ‘अमुक तारखेला दुपारी आकाशाकडे पाहा’ असे सांगणारे जे संदेश फिरतात, ते खुशाल पुसून टाकावेत. जूनच्या सुरुवातीला एक मोठा उल्कावर्षाव दिवसा होत असतो हे खरे, परंतु तो रडारला कळतो, डोळ्यांना त्याचा काही उपयोग नाही.

दिवसाच्या अग्निगोलाची नोंद मोलाची ठरते, कारण उल्का टिपणारे बहुतेक कॅमेरे रात्रीसाठी लावलेले असतात. दुपारी दोन वाजता आकाशात काय झाले, हे सांगायला बहुधा माणसेच असतात. शिवाय दिवसा दिसण्याइतका मोठा अग्निगोल म्हणजे त्याचे तुकडे जमिनीपर्यंत पोहोचण्याची शक्यता बरीच असते. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात असेच दगड पडले होते. त्यांचा शोध लागला तो लोकांनी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींवरून. अशा साक्षी घेत मी धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पुष्कळ हिंडलो आहे. दिवसाचे अग्निगोल त्यात थोडे आणि संध्याकाळचे अधिक, पण पद्धत दोन्हींची एकच.

पहिले काही सेकंद

मोबाइल काढू नका. चटकन व्हिडिओ घ्या हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो सर्वांत वाईट आहे. अग्निगोल बहुधा दोन ते सहा सेकंद टिकतो. खिशातून फोन काढून, कुलूप उघडून, कॅमेरा लावेपर्यंत सगळे आटोपलेले असते. हाती काहीच लागत नाही आणि जे डोळ्यांनी पाहता आले असते तेही हुकते. तेवढ्या वेळात फक्त पाहावे: तो पहिल्यांदा कुठे दिसला, कुठे विझला, आणि त्या दोन ठिकाणांच्या खाली जमिनीवर काय होते. मार्ग सूर्याजवळून जात असेल, तर हाताने सूर्य झाकावा आणि नजर तिकडे रेंगाळू देऊ नये.

दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे: जिथे उभे आहात तिथून पाय हलवू नका. माणसे अग्निगोलाच्या दिशेने धावत सुटतात, आणि दहा मिनिटांनी आपण नेमके कुठे उभे होतो, हे त्यांना सांगता येत नाही. पायाजवळ दगड ठेवा, चप्पल ठेवा, मातीत रेघ ओढा. या खुणेवर पुढचे सगळे मोजमाप उभे राहणार आहे.

आवाजाची वाट

घरात असाल, तर पाय न हलवण्याचा नियम बाजूला ठेवून, उजेड दिसल्याबरोबर खिडकीजवळून दूर व्हावे. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी सव्वानऊच्या पुढे सुमारे २० मीटर आकाराचा पिंड वातावरणात फुटला. झगमगाट पाहून लोक खिडक्यांशी गोळा झाले आणि दोन मिनिटांहून अधिक काळाने धक्का येऊन पोहोचला, तेव्हा काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनी.

अग्निगोल विझल्या क्षणी घड्याळ पाहा आणि आवाज आला की पुन्हा पाहा. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे मध्ये १५० सेकंद गेले, तर आवाजाचा उगम सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत-बाहेर असतो. वरच्या थंड हवेत आवाज थोडा सावकाश चालत असल्याने खरे अंतर त्याहून थोडे कमीच भरते. पाच-सात मिनिटे थांबूनही काही ऐकू आले नाही, तर ‘आवाज आला नाही’ असे लिहून ठेवावे. तीही साक्षच आहे. खाणीतील सुरुंग आणि लढाऊ विमानांचे धमाके यांचा घोळ होतो, म्हणून वेळ मिनिट-सेकंदासह हवी. अग्निगोल दिसत असतानाच फुसफुस किंवा सरसर ऐकू आल्याचे काही जण सांगतात. ते वेगळे लिहावे, नंतरच्या धमाक्यात मिसळू नये.

धुराची रेघ

आता मोबाइल काढा. दिवसाच्या अग्निगोलामागे धुळीची पांढरी रेघ राहते, ती काही मिनिटे टिकते आणि वरचे वारे तिला लवकरच वेडीवाकडी करतात. झूम न करता, खाली एखादे घर, खांब किंवा झाड चौकटीत ठेवून, त्याच जागेवरून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने फोटो घ्यावेत. मूळ फाइल जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती जाते, म्हणून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

दोन बिंदू

खरी अडचण इथे सुरू होते. हीच पायरी मला सर्वांत उशिरा जमली आणि याच पायरीवर बहुतेक नोंदी वाया जातात.

अग्निगोलाचा मार्ग काढण्यासाठी साक्षीदाराकडून दोनच बिंदू लागतात: तो दिसू लागला ते ठिकाण आणि तो विझला ते ठिकाण. प्रत्येक बिंदूचे दोन आकडे असतात. दिगंश म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली दिशा, आणि उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची. लोक मला रंग सांगतात, आकार सांगतात, गाय कशी बिथरली ते सांगतात, आणि दिशा विचारली की ‘असा तिकडून तिकडे’ म्हणून हात फिरवतात. रंग दिवसा फारसा विश्वासार्ह नसतोच. आकार तर डोळ्यांवर पडलेल्या झळाळीचा असतो, पिंडाचा नव्हे. बिंदू अचूक असतील, तर बाकी सगळे विसरले तरी चालते.

त्यातही सर्वांत फसवा प्रश्न अंतराचा आहे. अग्निगोल बहुधा जमिनीपासून १०० किलोमीटरच्या आसपास पेटू लागतो आणि जमिनीवर दगड टाकणाराही २०-३० किलोमीटर उंचीवर विझलेला असतो. त्याखालचा प्रवास अंधारात होतो. म्हणजे जे तेज आपण पाहतो, ते कधीही गावच्या शिवारात नसते. तरीही प्रत्येकाला ते तिथेच दिसते. ‘त्या निंबना मांगेच पडना,’ असे ठामपणे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांना तेज झाडामागे जाऊन दिसेनासे झाले, एवढेच त्याने पाहिलेले असते. पारोळ्यात विचारले तर अग्निगोल अमळनेरच्या बाजूला पडलेला असतो, अमळनेरात चोपड्याच्या बाजूला आणि चोपड्यात सातपुड्याच्या पलीकडे. ही तिन्ही उत्तरे एकत्र केली की उत्तर दिशा पक्की होते. त्यापलीकडे पडल्याच्या जागेचा शोध तालुक्या-तालुक्यांत घेत बसू नये.

आता उंची. आकाशाचा घुमट आपल्याला गोल न दिसता वरून दबलेला दिसतो, त्यामुळे माणूस ज्याला ‘अर्ध्या आकाशावर’ म्हणतो, ते ४५ अंश नसून बहुधा ३० अंशांच्याही खाली असते. ५०-६० अंशांवरून गेलेल्या वस्तूला लोक बिनदिक्कत ‘डोक्यावरून गेली’ म्हणतात. म्हणून माझा नियम असा की साक्षीदाराला अंश विचारायचे नाहीत आणि स्वतःच्या अंदाजालाही अंश म्हणायचे नाही. हात पुढे ताणून बोट दाखवायचे आणि मग ते बोट मोजायचे.

मोजण्यासाठी मोबाइलमधील उतार दाखवणारे अ‍ॅप चालते, कारण ते गुरुत्वाकर्षणावर चालते आणि क्वचितच दगा देते. फोनची लांब कड बिंदूच्या दिशेने धरून वाचावे. अ‍ॅप नसेल, तर शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून तेच काम होते. तेही नसेल तर मूठ. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ सुमारे १० अंश असते, करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत सुमारे २० अंश. पुस्तकातले हे आकडे प्रत्येकाच्या हाताला लागू पडत नाहीत, म्हणून आधी स्वतःची मूठ तपासावी: क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या बिंदूपर्यंत मुठीवर मूठ रचत जावे आणि जितक्या मुठी बसतील त्यांनी ९० ला भागावे. साडेआठ मुठी बसल्या, तर तुमची मूठ साडेदहा अंशांची आहे.

उंचीच्या बाबतीत फोन जितका भरवशाचा, दिशेच्या बाबतीत तितकाच बेभरवशाचा. फोनमधले होकायंत्र मोटारसायकलीजवळ, पत्र्याच्या शेडखाली, विजेच्या खांबाशेजारी किंवा चुंबकाची झडप असलेल्या कव्हरमध्ये दहा-वीस अंश सहज भरकटते. शिवाय आपला मुलूख काळ्या बेसाल्टचा आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या डाइकच्या, म्हणजे भेगांत लाव्हा थिजून झालेल्या उभ्या कातळाच्या, भिंतींवर किंवा उघड्या कातळावर उभे राहिले की चांगले होकायंत्रही काही अंश ढळू शकते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक मात्र खानदेशात अंशाच्या आतच आहे, तेव्हा त्या दुरुस्तीच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

होकायंत्राऐवजी मी जी रीत वापरतो ती अशी. खुणेवर उभे राहून बिंदूच्या बरोबर खाली जमिनीवर काय दिसते, ते निश्चित करावे: गावचा जलकुंभ, मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस, जिनिंगची चिमणी, रस्त्याकडेचे एकटे झाड. मग उपग्रह नकाशा उघडून आपली खूण आणि ती वस्तू यांच्यामध्ये रेघ ओढावी आणि तिची दिशा नकाशावरून वाचावी. ती वस्तू निदान दोन-तीनशे मीटर दूर असावी. वीस मीटरवरच्या खांबाच्या बाबतीत तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात, तरी दिशा दोन अंशांनी बदलते; तेच पाऊल तीनशे मीटरवरच्या टाकीच्या बाबतीत काहीच बिघडवत नाही. खानदेशात सातपुड्याची रांग उत्तरेला आयती उभी आहे, पण मे महिन्याच्या धुरकट हवेत ती दिसेनाशी होते आणि ‘सातपुड्याकडे’ हे उत्तर रावेरपासून तळोद्यापर्यंत सगळेच देतात. तिच्यावर भिस्त ठेवायची असेल, तर एखाद्या ओळखीच्या शिखरावर किंवा खिंडीवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

दिवसाच्या अग्निगोलाची एक सोय रात्री मिळत नाही: आकाशात सूर्य असतो. वेळ बरोबर माहीत असेल, तर सूर्य त्या क्षणी कुठे होता, हे गणिताने निघते, आणि ‘सूर्याच्या उजवीकडे दोन मुठी, तेवढ्याच उंचीवर’ ही नोंद कुठल्याही होकायंत्रापेक्षा चांगली ठरते. फक्त सूर्य कुठे असतो, याविषयीची शाळेतली समजूत बाजूला ठेवावी. जळगावला सूर्य बाराला मध्यावर येत नाही. घड्याळाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि जळगाव ७५.५ अंशांच्या जवळ, म्हणून तो साडेबाराच्या आगेमागे येतो. आणि मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ‘दुपार होती, म्हणजे सूर्य दक्षिणेला’ असे धरून केलेल्या जूनमधल्या नोंदी मी बाजूला ठेवतो. त्या काळात सूर्य जवळजवळ डोक्यावरच असल्याने दुपारच्या वेळी त्याच्या आधाराने दिशा सांगूच नये.

एवढी काटेकोर मापे कशासाठी, असे विचारणाऱ्यांसाठी एक कल्पित उदाहरण देतो. समजा, धुळ्याच्या माणसाला अग्निगोल नेमका उत्तरेला विझताना दिसला आणि जळगावच्या माणसाला नेमका वायव्येला. धुळे जळगावच्या पश्चिमेला सुमारे ८२ किलोमीटर आहे. दोन्ही रेघा नकाशावर ओढल्या, तर त्या धुळ्याच्या उत्तरेला सुमारे ९४ किलोमीटरवर, शिरपूर मागे टाकून सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात एकमेकींना छेदतात. तो बिंदू ३० किलोमीटर उंचीवर असेल, तर धुळ्यातून तो १८ अंशांवर आणि जळगावातून १४-१५ अंशांवर दिसायला हवा. दोघांनी सांगितलेली उंची याच्याशी जुळली की मापे बरोबर आहेत, असे समजावे. आता जळगावच्या माणसाची दिशा फक्त पाच अंशांनी चुकली असे धरा. छेदबिंदू एका बाजूला १३ आणि दुसऱ्या बाजूला १६ किलोमीटर सरकतो. डोंगरी रानात दगड शोधायला निघालेल्या माणसांसाठी हा फरक म्हणजे सगळी मोहीमच पाण्यात.

याच उदाहरणावरून दुसरी गोष्ट कळते. एकाच ओट्यावर बसलेल्या दहा जणांच्या साक्षी मिळून एकच साक्ष होते, कारण सगळ्यांच्या रेघा एकाच ठिकाणाहून निघतात. एक नंदुरबारचा आणि एक जळगावचा, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर अंतरावरचे दोन साक्षीदार मिळाले, तर त्या दहांपेक्षा पुष्कळ अधिक हाती लागते. मात्र दोघेही अग्निगोलाच्या मार्गाखालीच, एका ओळीत असता कामा नयेत. मग रेघा एकमेकींवर पडतात आणि छेद मिळतच नाही.

दुसऱ्यांची साक्ष घेताना

पारावर किंवा चहाच्या टपरीवर साक्ष घेऊ नये. तिथे अर्ध्या तासात गावाची एकच कथा तयार झालेली असते आणि प्रत्येक जण ती आपली म्हणून सांगतो. एकेकाला वेगळे घेऊन, त्याने जिथून पाहिले तिथेच न्यावे. घरी बसून, वहीवर आकाश काढून दिलेली साक्ष मी लिहून घेतो, पण गणितात धरत नाही.

जागेवर गेल्यावर आधी बोलू द्यायचे नाही. ‘जिभाऊ, हात करीसन दखाडा,’ एवढे म्हणून गप्प राहावे. माणूस बोलायला लागला की शब्दांच्या मागे जातो. गप्प असला की हात बरोबर तिथे जातो. हात ताणलेला असतानाच त्याच्या मागे उभे राहून, खांद्यावरून बोटाच्या टोकापर्यंत नजर लावावी आणि पलीकडे कोणती वस्तू येते, ते पाहावे. आधी शेवटचा बिंदू विचारावा, मग पहिला, कारण शेवट बहुधा पक्का आठवतो आणि सुरुवात पाहणाऱ्याचे लक्ष जाण्याआधीच होऊन गेलेली असते. पहिला बिंदू ‘मान वळवली तेव्हा तो तिथे होता’ अशा शब्दांतच लिहावा, ‘तिथून सुरू झाला’ असे लिहू नये. ‘उत्तरेकडून आला ना?’ असले उत्तर पुरवणारे प्रश्न तर मुळीच नकोत.

किती वेळ दिसला, हेही विचारायचे नसते. विचारले की पाच सेकंदांचे पंधरा होतात. साक्षीदाराला त्याच वेगाने बोट आकाशातून फिरवायला सांगावे आणि आपण हातातल्या स्टॉपवॉचवर मोजावे. दोनदा-तीनदा केले की आकडा स्थिरावतो.

मोकळ्या रानात उभा असलेला माणूस सर्वांत चांगला साक्षीदार असणार, असे सगळे गृहीत धरतात. मला रावेर-यावलच्या केळीच्या बागेत काम करणारा मजूर अधिक आवडतो. त्याला आकाश दिसते ते दोन पानांमधल्या फटीतून, आणि त्या फटीतून अग्निगोल दिसला म्हणजे दिशा दोन-तीन अंशांच्या आत बांधली गेलेली असते. तसेच दरवाजाच्या चौकटीतून, गोठ्याच्या छपराखालून, रेल्वेच्या खिडकीतून पाहणारे. गाडी चालवणाऱ्याची जागा धूसर असते, पण रस्त्याची दिशा नकाशावर ठरलेली असते. धुळ्याहून जळगावकडे महामार्गाने जाताना समोरच्या काचेत डावीकडे वर दिसला, असे तो म्हणाला, तर कोणत्या गावाजवळ हे विचारून पुष्कळ काम होते. लहान मुलांच्या साक्षी टाळू नयेत. त्यांना काय दिसायला हवे होते, हे ठाऊक नसते.

दुसरे काही तर नव्हते ना

विमानाची धुराची रेघ सावकाश वाढते आणि संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखी दिसते. परत येणारे अवकाशयानाचे अवशेष सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे येतात, म्हणून ते अर्धा-एक मिनिट दिसत राहतात आणि त्यांचे अनेक ठिपके एका रांगेत चालतात. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी उत्तर महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत लोकांनी पाहिलेला देखावा चिनी रॉकेटच्या अवशेषांचा होता; चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात त्याचे धातूचे मोठे कडे पडले. असे काही सापडले तर हात लावू नये, टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवावे.

कॅमेरे आणि नोंदणी

पेट्रोल पंप, पतसंस्था, जिनिंग, केळीची वखार अशा ठिकाणच्या सीसीटीव्हीची मागणी त्याच दिवशी करावी, कारण जुने चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाते. त्या यंत्राचे घड्याळ आपल्या मोबाइलशेजारी धरून फोटो घ्यावा; ते बहुधा काही मिनिटांनी चुकलेले असते. अग्निगोल चौकटीत नसला तरी चित्रण घ्यावे, कारण चेल्याबिन्स्कचा मार्ग काढताना चौकातल्या खांबांच्या सरकत्या सावल्याही उपयोगी पडल्या होत्या.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची नोंद करण्याचा अर्ज आहे, तो त्याच दिवशी भरावा. वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहिली आहे की नाही, ते पाहावे.

दगड सापडलाच तर

खानदेशात काळा दगड सापडणे ही बातमी नाही. अशनी म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेला उल्केचा दगड. नुकत्याच पडलेल्या अशनीवर बहुधा एक मिलिमीटरच्या आसपासचा काळा, मंद पापुद्रा असतो आणि तुटलेल्या कडेला आतला रंग बहुतेक वेळा फिकट राखाडी दिसतो. बुडबुड्यांची भोके असलेला दगड आपल्या डोंगरातला आहे, अशनी नव्हे. चुंबक लावून पाहा, असा सल्ला हमखास दिला जातो. तो इथे निरुपयोगी आहे, कारण बेसाल्टमध्येही चुंबकाला ओढणारे मॅग्नेटाइट असते, आणि खरा अशनी असेल तर चुंबक लावल्याने त्यातली मूळ चुंबकीय नोंद बिघडते. अशनी तापलेला नसतो, कडब्याची गंजी पेटवत नाही आणि हात लावल्याने कुणाला काही होत नाही. तरी घामाने तो खराब होऊ नये म्हणून स्वच्छ पिशवीतून उचलावा. धुवू नये, घासू नये, फोडू नये. उचलण्यापूर्वी शेजारी नाणे ठेवून फोटो घ्यावा आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत.

भारतात पडलेल्या अशनींची जबाबदारी १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्याचे मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. गावातून तिथपर्यंत जाण्याचा सरळ मार्ग तहसील कार्यालयातून जातो. दगड सोपवताना पंचनाम्यात त्याचे वजन ग्रॅममध्ये, सापडल्याची वेळ आणि जागा लिहून घ्यावी आणि सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय तिथून निघू नये.